नोकरीचं नंतर बघू, आधी तो करार नीट वाच

ताई,

मी 29 वर्षांची आहे. दिवसा एका कंपनीत डेटाबेस सांभाळते, रात्री लॅपटॉपवर संगीत करते. ते नाचायला लावणारं नाही आणि गुणगुणता येईल असंही नाही. तुटके ठेके, खरखर, जुन्या चित्रपटांतून कापलेले संवाद, मध्येच लांब शांतता. दोन ईपी (चार-पाच ट्रॅकचे छोटे अल्बम) आणि एक अल्बम स्वतःच काढला, ऐकणारे काही शे. आता दोन गोष्टी एकदम झाल्यात. एका छोट्या लेबलने, म्हणजे संगीत प्रसिद्ध करणाऱ्या कंपनीने, अकरा पानी करार पाठवलाय. 'जरा सोपं केलंस तर लोकांपर्यंत पोहोचेल', असंही ते म्हणाले. आणि बऱ्यापैकी नाव असलेल्या एका गायिकेने विचारलंय, पुढच्या अल्बममधली तीन गाणी प्रोड्यूस करशील का, म्हणजे त्यांचा ठेका, वाद्यं, आवाज सगळं बसवशील का? पैशांचा विषय तिने काढला नाही, मीही नाही. घरचे म्हणतात, एकतर नोकरी मन लावून कर, नाहीतर सोडून तरी दे, हे मधलंच काय? मलाही वाटतं आता उडी घ्यावी. घेऊ का? (हल्ली रात्री उजव्या कानात बारीक शिट्टी वाजत राहते, पण ते असो.)

– रात्रपाळी

प्रिय रात्रपाळी,

'पण ते असो' कसं? एकाच कानात सतत शिट्टी वाजणं हे कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवायचंच लक्षण आहे, आणि तेही याच आठवड्यात. ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याची चाचणी, काढून घे. काही निघालं नाही तरी आज तुझे कान कसे आहेत याची नोंद हातात राहील. अमेरिकेतली नायॉश ही संस्था कामाच्या जागच्या आवाजाची मर्यादा सांगते, ती अशी: 85 डेसिबल आठ तास, आणि पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे 100 डेसिबलला जेमतेम 15 मिनिटं. हेडफोन लावून तासन्‌तास एकच चार मात्रांचा लूप फिरवणाऱ्या माणसाला ही मर्यादा कधी ओलांडली ते कळतही नाही, कारण कान हळूहळू बधिर होतात आणि आपण आवाज वाढवत जातो. मिक्सिंगचं, म्हणजे सगळे आवाज एकमेकांत बसवायचं, बहुतेक काम बोलण्याच्या आवाजात कर. बास नीट बसलाय का एवढं बघायला मधूनच थोडा वेळ आवाज वाढव. गिगला, म्हणजे लाइव्ह कार्यक्रमाला, जाताना वादकांसाठीचे इअरप्लग घाल. फोमचे बोळे वरच्या पट्टीतलं सगळं खाऊन टाकतात, मग माणूस वैतागून ते काढतो. आता बाकीचं.

उडीबद्दल तू शेवटी विचारलंस, मीही शेवटीच बोलणार होते. पण ते डोक्यात ठेवून तू पुढचं नीट वाचणार नाहीस, म्हणून आत्ताच सांगते: आत्ता नको.

घरच्यांना जे 'मधलंच' वाटतं, त्यात तुझ्या प्रकारचं संगीत करणारे कितीतरी लोक वर्षानुवर्षं राहिले आहेत. कॅरिबू या नावाने संगीत करणाऱ्या डॅन स्नेथने अल्बम काढता काढता लंडनच्या इम्पिरियल कॉलेजातून गणितात पीएचडी केली. फ्लोटिंग पॉइंट्स म्हणजे सॅम शेफर्ड, त्याची पीएचडी न्यूरोसायन्समधली. जेलिन ही अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातली. 2015 साली तिचा पहिला अल्बम आला तेव्हा ती पोलाद कारखान्यात नोकरी करत होती. पुढे तिने नृत्यदिग्दर्शक वेन मॅकग्रेगरच्या नृत्यप्रयोगाला संगीत दिलं, आणि 2023 मध्ये संगीताच्या पुलित्झरच्या अंतिम यादीत तिचं नाव होतं. ही उदाहरणं 'त्यांना जमलं, तुलाही जमेल' म्हणून देत नाही. ज्यांना जमलं नाही त्यांच्यावर कुणी लेख लिहीत नाही. सांगायचं एवढंच की नोकरी असणं म्हणजे कमी मन लावणं, हे या क्षेत्रात तरी खरं नाही.

शिवाय या संगीताचा पैसा येतो कसा ते बघ. आज ट्रॅक प्रसिद्ध केला की हिशेब सहा महिन्यांनी, पैसे त्यानंतर. एखाद्या माहितीपटाला तुझा तुकडा लागतो आणि एकदम बरी रक्कम येते, मग वर्षभर काही नाही. महिन्याचं भाडं दर महिन्याला द्यावं लागतं, हे दोन्ही जुळत नाही. आणि ते जुळवायच्या धडपडीत पहिला बळी जातो तो तुझ्या त्या लांब शांततेचा. 'जरा सोपं कर' हा सल्ला आज तू लेबलकडून ऐकतेस. नोकरी सोडलीस की तो तुझ्याच डोक्यातून यायला लागेल.

तर मग तातडीचं काय? तो अकरा पानी कागद.

तू त्याबद्दल फारसं लिहिलेलं नाहीस, आणि मला तेच खटकलं. लेबलने बोलावलं या आनंदात वाचायचं राहून गेलं असणार. आधी तुझ्याकडे काय आहे ते समजून घे. कुठल्याही ट्रॅकमध्ये दोन वेगळ्या मालमत्ता असतात. एक म्हणजे रचना, आणि दुसरं त्या रचनेचं ध्वनिमुद्रण, म्हणजे मास्टर. याशिवाय ती वाजवणाऱ्या कलाकाराचे हक्क वेगळे. साध्या गाण्यात यातलं एक गीतकार-संगीतकाराकडे, एक लेबलकडे, एक गायक-वादकांकडे अशी वाटणी असते. तुझ्या बाबतीत रचना तुझी, मुद्रण तुझं, वादनही तुझंच. ऐकणारे काही शे असले तरी मालमत्तेच्या दृष्टीने तू पूर्ण जमिनीची मालकीण आहेस, आणि अशा करारात बहुधा सातबाराच मागितलेला असतो.

म्हणून पहिल्यांदा मुदत शोध. 'कायमस्वरूपी', 'संपूर्ण विश्वात', 'आज ज्ञात असलेल्या व पुढे निघणाऱ्या सर्व माध्यमांत' असे शब्द दिसतील. विश्वाचं हसू येतं, पण वकील ते गंभीरपणे लिहितात. त्याऐवजी परवान्याचा करार माग: मालकी तुझी, आणि पाच ते सात वर्षं ते प्रसिद्ध करायचा आणि विकायचा हक्क त्यांचा. मुदत संपली की सगळं आपोआप तुझ्याकडे परत. छोट्या स्वतंत्र लेबलांमध्ये ही पद्धत रुळलेली आहे, तू काही अगाऊपणा करत नाहीस. खर्च वजा जाऊन उरलेल्या नफ्याचे निम्मे-निम्मे वाटे, हीसुद्धा त्यांच्यातली नेहमीची वाटणी. फक्त 'खर्च' म्हणजे काय आणि किती रकमेपर्यंत, हे लिहून घे. तुला न विचारता छापलेल्या हजार पोस्टरांचा खर्च तुझ्या वाट्यातून जायला नको.

कायमचं देऊन टाकलं तर काय बिघडतं, आत्ता त्याला कोण विचारतंय, असं तुला वाटेल. चरणजित सिंग यांचं नाव ऐकलं असशील. हिंदी चित्रपटसंगीतातला हा वादक 1982 मध्ये रोलँड कंपनीची तीन इलेक्ट्रॉनिक वाद्ययंत्रं घेऊन बसला आणि दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवून त्याची तबकडी काढली. तेव्हा ती कुणी विचारली नाही. 2010 मध्ये ती पुन्हा निघाली आणि जगभरचे लोक चक्रावले, कारण शिकागोत ज्याला पुढे अ‍ॅसिड हाउस म्हणू लागले त्या नाचाच्या इलेक्ट्रॉनिक संगीताशी मिळताजुळता आवाज त्यात काही वर्षं आधीच होता. मधे 28 वर्षं गेली. सत्तरीच्या घरातला तो माणूस मग युरोपात कार्यक्रम करत होता. त्यातल्या एका यंत्राची, टीबी-303ची, कथाही तशीच. बास गिटारची जागा घेईल म्हणून आणलेलं ते यंत्र खपेना, म्हणून 1984 मध्ये बंद केलं. मग जुन्या बाजारात स्वस्तात मिळालेल्या त्याच यंत्रांवर शिकागोच्या पोरांनी एक अख्खा प्रकार उभा केला. तुझ्या क्षेत्रात कशाला कधी भाव येईल हे लेबलला कळत नाही आणि तुलाही नाही. अशा वेळी 'कायमचं' हा शब्द ज्याच्या बाजूने आहे त्याचाच फायदा.

टक्क्यांचंही बघ. फोर टेट या नावाने संगीत करणारा कीरन हेब्डन, त्याने 2001 मध्ये डॉमिनो या लेबलशी करार केला होता. तेव्हा स्ट्रीमिंग रुळलेलंच नव्हतं, त्यामुळे त्याचा दर करारात नव्हता. लेबल त्याला विक्रीच्या दराने 18 टक्के देत राहिलं. तो कोर्टात गेला, मधल्या काळात त्याचे तीन अल्बम स्ट्रीमिंगवरून काढून टाकले गेले, आणि 2022 मध्ये 50 टक्क्यांवर समझोता झाला. रेकॉर्डिंगची मालकी मात्र त्याला परत मिळाली नाही. एवढ्या नावाजलेल्या माणसाची ही गत, म्हणून 'पुढे निघणाऱ्या माध्यमांत' हे शब्द दिसले की तिथे थांबायचं. आज त्या जागी कृत्रिम बुद्धिमत्तेचं प्रशिक्षण बसतं. त्यासाठी तुझं संगीत वापरायचं तर दर वेळी वेगळी लेखी परवानगी, असं वाक्य घालून घे.

आणखी एक कलम असणारच: 'सादर केलेलं सर्व साहित्य मूळ आहे, कुणाच्या हक्काचा भंग होत नाही, झाल्यास नुकसानभरपाई कलाकार देईल.' आता तुझ्या पत्रातलं ते वाक्य आठव, जुन्या चित्रपटांतून कापलेले संवाद. परवानग्या घेतल्या आहेस का? नसतीलच. स्वतःच्या पानावर काही शे लोकांसाठी ठेवलंस तोवर कुणाचं लक्ष गेलं नसेल. लेबलतर्फे निघाल्यावर दुसऱ्याचा आवाज आपोआप ओळखणाऱ्या यूट्यूबच्या कंटेंट आयडीसारख्या व्यवस्थांपुढे ते येणार. दुसऱ्याच्या गाण्याचा तुकडा असेल तर मुद्रणाच्या मालकाची एक परवानगी लागते आणि रचनेच्या मालकाची दुसरी. चित्रपटातल्या संवादाला निर्मात्याला गाठावं लागतं, आणि मागे पार्श्वसंगीत वाजत असेल तर ते आणखी वेगळं. तीन सेकंदांपर्यंत चालतं, सहा सेकंदांपर्यंत चालतं, असं स्टुडिओत छातीठोकपणे सांगणारे पुष्कळ भेटतात. असा कुठलाही सरसकट नियम नाही. सही करण्यापूर्वी प्रत्येक ट्रॅकमधल्या उसन्या आवाजांची यादी कर. परवानगी मिळण्यासारखी नसेल तर ते संवाद कुणाकडून तरी नव्याने बोलवून घे, पण शब्द तुझे ठेव. खरखर तर तुझी तुलाच करता येते, त्यात तू तरबेज दिसतेस.

'पर्याय' किंवा 'ऑप्शन' नावाचं कलम असेल तर तेही बघ. त्यात पुढचे दोन-तीन अल्बम तुला त्यांनाच द्यावे लागतात, पण ते घ्यायचे की नाही हे ते ठरवतात. पहिल्या करारात एकच अल्बम, बस. हे सगळं वाचून झालं की संगीताचे करार करणाऱ्या वकिलाला एकदा पैसे देऊन दाखव. घराचे कागद बघणारा ओळखीचा वकील इथे कामाचा नाही.

आता त्यांच्या 'सोपं कर'बद्दल. अशा सूचनेवर चिडणं सोपं असतं. आधी त्यांना विचार, नेमकं कुठे? 'दुसऱ्या ट्रॅकची पहिली तीन मिनिटं काहीच घडत नाही' असं कुणी म्हणालं, तर तो कान आहे, त्याचं ऐकून बघ. 'एखादी गायिका टाक, ठेका सरळ कर' असं म्हणत असतील तर त्यांना दुसरं कुणीतरी हवंय, आणि मग त्यांनी तुला कशासाठी बोलावलं हा प्रश्न उरतो. आर्का या इलेक्ट्रॉनिक संगीतकाराने ब्यॉर्क या गायिकेच्या 2015च्या अल्बमवर काम केलं, वनओट्रिक्स पॉइंट नेव्हर नावाने चमत्कारिक संगीत करणाऱ्या डॅनियल लोपाटिनने चित्रपटांना संगीत दिलं आणि द वीकेंड या गायकाच्या 2022च्या अल्बमवरही काम केलं. सोफी या प्रोड्युसरचे ते प्लास्टिक-रबरासारखे आवाज मॅडोनाच्या गाण्यापर्यंत पोहोचले. या तिघांना बोलावलं गेलं ते त्यांच्या विचित्रपणासाठी. तो आधी काढून ठेवला असता तर फोन आलाच नसता.

गायिकेनेही तुझं काहीतरी ऐकूनच विचारलं असणार, म्हणून त्या कामाला माझा लेबलपेक्षा जास्त पाठिंबा आहे. पण पैशांचं तू विचारायचं. ती वाईट नसेल, पण न बोललेल्या गोष्टी शेवटी काम करणाऱ्याच्याच अंगावर येतात. तिला एक छोटा ईमेल लिही. त्यात मानधन, त्यातलं अर्धं काम सुरू करण्याआधी. किती वेळा बदल करून देणार, मी म्हणेन दोनदा, त्यापुढे जादा पैसे. गाणं अल्बममधून वगळलं तरी केलेल्या कामाचे पैसे मिळतील. मुद्रणाच्या उत्पन्नात प्रोड्युसर म्हणून थोडे टक्के. आणि चाल, स्वरावली, ठेका यांत तुझी भर पडली तर रचनेतही वाटा. ही वाटणी गाणं संपलं त्याच दिवशी एका कागदावर लिहून दोघींनी सह्या करायच्या. गाणं गाजल्यावर प्रत्येकाला आपण किती केलं होतं ते वेगवेगळं आठवतं.

श्रेयाचंही त्याच ईमेलमध्ये. 1963 मध्ये बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपमध्ये डेलिया डर्बीशायरने 'डॉक्टर हू' मालिकेचं शीर्षकसंगीत प्रत्यक्षात आणलं. टेपचे तुकडे कापून, जोडून, एकेक स्वर हाताने घडवून. चाल रॉन ग्रेनर यांची होती, आणि ती ऐकून ते इतके थक्क झाले की रचनेचा अर्धा वाटा तिला द्यायला तयार होते. बीबीसीच्या धोरणात ते बसत नव्हतं, म्हणून दिला गेला नाही. देणारा राजी असूनही हे झालं, तेव्हा इथे समोरच्याच्या चांगुलपणावर सोडायचं नाही, कागदावर आणायचं.

तू स्वतः काढलेल्या अल्बमचं काय चाललंय हे तू लिहिलं नाहीस, म्हणून घाईघाईत दोन-तीन गोष्टी. रचनाकार म्हणून कॉपीराइट सोसायटीत, म्हणजे रचनाकारांचे पैसे गोळा करणाऱ्या संस्थेत, नाव नोंदवलंयस का? डिस्ट्रिब्युटर, म्हणजे तुझं संगीत स्ट्रीमिंगवर पोहोचवणारा, फक्त मुद्रणाचे पैसे आणतो. रचनेच्या सादरीकरणाचे पैसे सोसायटीमार्फत येतात, आणि नोंद नसेल तर ते तुझ्यापर्यंत पोहोचत नाहीत. प्रत्येक ट्रॅकला आयएसआरसी क्रमांक, म्हणजे त्या मुद्रणाचा ओळख क्रमांक, आहे ना, तो एका फायलीत लिहून ठेव. डेटाबेसवालीला हे सांगायला नको. स्पॉटिफायवर 2024 पासून मागच्या बारा महिन्यांत एक हजार वेळा न वाजलेल्या ट्रॅकला मुद्रणाचे पैसेच मिळत नाहीत, तेव्हा तुझ्या काही शे श्रोत्यांना तिकडे पाठवण्यात अर्थ नाही. बँडकॅम्प ही कलाकारांना थेट संगीत विकू देणारी साइट डिजिटल विक्रीवर 15 टक्के कापते, बाकी, पैसे भरण्याचं शुल्क सोडून, तुझं. तिथे चाळीस जणांनी अल्बम विकत घेतला तर त्या चाळिसांचे ईमेल पत्ते तुझ्याकडे राहतात, आणि पुढच्या अल्बमला तेच पहिले येतात. हे चाळीस जण मला त्या लेबलपेक्षा महत्त्वाचे वाटतात, पण हे माझं मत झालं.

नावाचंही तपास. तो कॅरिबूवाला स्नेथ आधी मॅनिटोबा नावाने संगीत करायचा. त्याच नावाच्या एका जुन्या रॉक गायकाने कायद्याची धमकी दिली आणि 2004 मध्ये त्याला नाव बदलावं लागलं. तुझ्या नावाचा आणखी कुणी असेल तर आत्ताच कळलेलं बरं.

लाइव्ह वाजवायची भीती वाटते, असं तू लिहिलं नाहीस, पण कुठे वाजवलंस हेही कुठे लिहिलेलं नाही. सक्ती नाही. बरिअल या संगीतकाराने 2007 चा त्याचा गाजलेला अल्बम केला तेव्हा त्याचं खरं नावही लोकांना माहीत नव्हतं, आणि तो मंचावर येत नाही. पण तो रस्ता घेतलास तर उत्पन्नाचं एक मोठं दार बंद होतं आणि दुसरी उघडावी लागतात: गेमचं ध्वनिकाम, नाटक आणि नृत्य, जाहिराती, इतरांसाठी साउंड डिझाइन. गेमकडे खरंच बघ. तिथे खेळणाऱ्याच्या हालचालीप्रमाणे संगीत बदलावं लागतं, त्यासाठी एफमॉड आणि वाइज ही सॉफ्टवेअर वापरतात, आणि प्रोग्रॅमिंगची समज असलेला संगीतकार तिथे दुर्मीळ असतो. तुझी दिवसाची नोकरी आणि रात्रीचं काम यांच्यामधली भिंत तुला वाटते तेवढी जाड नाही. मोनोलेक या नावाने संगीत करणाऱ्या दोघा जर्मनांपैकी गेऱ्हार्ड बेलेस एबलटन या संगीताचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीचा एक संस्थापक झाला, आणि रॉबर्ट हेन्केसुद्धा ते सॉफ्टवेअर घडवण्यात होता. 2001 मध्ये आलेल्या त्यांच्या लाइव्ह नावाच्या सॉफ्टवेअरवर आज अर्धी दुनिया संगीत करते, बहुधा तूही.

नोकरी कधी सोडायची, तर माझा हिशेब रोकडा आहे. सलग एक वर्ष संगीताच्या उत्पन्नातून तुझा निम्मा खर्च निघायला हवा, तोही निदान दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेल्या पैशांतून, आणि वर्षभराचा खर्च बाजूला साठलेला हवा. तोवर कंपनीला आठवड्यातले दिवस कमी करून मिळतात का ते विचार. पगार कापला गेला तरी चालेल. तुला वेळ हवाय, आणि झोपही. रात्री दोनला केलेलं मिक्स सकाळी ऐकवत नाही, हे तुला माहीतच असेल.

लेबलला आज एवढंच कळव: 'करार मिळाला, आनंद झाला, वकिलाला दाखवून तीन आठवड्यांत उत्तर देते.' यावर ते घाई करायला लागले, 'दोन दिवसांत सही नाही तर जागा दुसऱ्याला' असं म्हणाले, तर वकिलाची फी वाचली असं समज. सुधारलेला मसुदा आला की नावं खोडून मला पाठव, मुदतीचं आणि नुकसानभरपाईचं कलम मी बघेन. सोबत ऑडिओग्रामचं काय झालं तेही लिही.

– ताई